प्रकृती समाधानकारक, माहितीसाठी सादर

माझं तोंड वाकडं झालं तेव्हा माझ्या जावेला वाटलं, मी तिला वेडावतेय.

तिचं अगदीच चुकलं असंही नाही. त्या सकाळी आमचं बोलणं बंद होतं. जामसंड्याला आमचं घर एकच, मधे भिंत घालून दोन भाग केलेले. एका भागात मी आणि माझा नवरा, दुसऱ्या भागात माझी धाकटी जाऊ, एकटी. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं आणि माझं लग्न एकाच मांडवात लागलं, त्यामुळे धाकटी-थोरली हे नावापुरतंच. आम्ही एकमेकींना 'गो' म्हणायचो आणि रोज भांडायचो. आंब्याच्या दिवसांत मात्र भांडण बाजूला ठेवून घरापुढच्या खळ्यात एकत्र बसावं लागे, कारण कलमं सामाईक आणि पेट्या भरायला माणसं कमी. तशाच बसलो होतो. पेंढ्यात आंबे लावत होतो, आणि मी तिच्याकडे बघितलं.

"माका वेडावतंस गो?" ती म्हणाली. "ह्या वयात?"

'मी कित्याक वेडावतंय तुका' असं मला म्हणायचं होतं. आवाजच निघाला नाही. उजव्या हातातला आंबा घरंगळला. तो उचलायला गेले तर हात माझा नव्हताच जणू, मांडीवर नुसता पडून राहिला. तेव्हा जाऊ ओरडली, "भावजी, हिचा तोंड बघा! ही वेडावणा नाय!"

नवऱ्याला वाटलं ऊन लागलं. तो कांदा फोडून घेऊन आला. पण जावेनं तोवर मुंबईला माझ्या मुलीला फोन लावला होता. मुलगी पलीकडून म्हणाली, कांदा टाका, गाडी काढा, एक मिनिट घालवू नका. तालुक्याच्या डॉक्टरांनी बघितलं न बघितलं आणि मोठ्या इस्पितळात धाडलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. वेळेत पोचलो म्हणून इंजेक्शन देता आलं. रक्तदाबाची गोळी आंब्याच्या घाईत मी आठवडाभर घेतली नव्हती, हे मी तेव्हा कोणाला सांगू शकले नाही. सांगता येत असतं तरी सांगितलं नसतं.

पुढचे काही दिवस मी मुकी होते. समजत सगळं होतं. नवरा खाटेशी बसून कलमांचं सांगायचा, कोणती पेटी गेली, कोणती राहिली. मी ऐकायची. हात हळूहळू हलायला लागला. बोलणं मात्र नाही.

मग एका सकाळी मालवणकडची एक नर्स आली. माझे केस नीट करता करता तिनं विचारलं, "काकी, कसां वाटता आज?"

'बरां आसा' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर तेच होतं. तोंड उघडलं आणि मी स्वच्छ आवाजात म्हणाले, "प्रकृती समाधानकारक आहे. माहितीसाठी सादर."

नर्सच्या हातातला कंगवा थांबला. नवरा उठून उभा राहिला. आनंदानं रडावं की घाबरावं, हे त्याचं ठरेना. त्यानं बाहेर जाऊन मुलीला फोन केला तो मला आत ऐकू येत होता. "तुझी आवस बोलाक लागली," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "पण ती कचेरीत बोलता."

इथे सांगायला हवं की मी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी केली. पत्रांचे मसुदे करणं हे माझं काम. साहेब येत आणि बदलून जात, मसुदे माझेच असत. सकाळी दहा ते संध्याकाळी पावणेसहा मी 'सदर प्रकरणी' आणि 'उपरोक्त विषयान्वये' लिहायची, आणि बस पकडून घरी आले की मालवणी. दोन्हींत कधी गल्लत झाली नाही. घरी कोणी 'कृपया' म्हटलं असतं तर आम्ही ताप बघितला असता.

आता घरची भाषा गेली होती आणि कचेरीची राहिली होती. डॉक्टरांना याचं फारसं नवल वाटलं नाही. ते म्हणाले, ज्यांना दोन बोली येतात त्यांच्यात कधी कधी असं होतं. एक आधी परत येते, दुसरी मागून येते किंवा अर्धवट येते. बहुतेकांची लहानपणची आधी येते, पण नेम नाही.

"मगे हिची आवशीची भाषा येतली मां परत?" नवऱ्यानं विचारलं.

"बोलत ठेवा," डॉक्टर म्हणाले. "रोज, खऱ्याखुऱ्या गोष्टींवर."

मला घरी जायचं होतं. नवरा जवळ आला तेव्हा त्याचा सदरा धरून मी म्हणणार होते, 'घराक जाव्या.' निघालं ते असं: "मूळ ठिकाणी रुजू होण्याची परवानगी मिळावी."

तो तसाच डॉक्टरांकडे गेला. "ती परवानगी मागता," म्हणाला. "देऊन टाका, साहेब."

घरी आल्यावर लोक भेटायला यायला लागले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे अर्धं भेटणं आणि अर्धं बघून येणं. मी पडवीत खुर्चीवर बसलेली. पहिलीच शेजारीण आली, तिला मी म्हणाले, "आपण उपस्थित राहिल्याबद्दल आभारी आहे. कृपया आसन ग्रहण करावे." ती बसलीच नाही. बाहेर जाऊन तिनं सांगितलं की हिला झटका कसला, शिष्टपणा चढलाय. दुसऱ्या एका म्हातारीनं जास्त विचार केला आणि निदान केलं, "हिका पुण्याचा कायतरी लागलला आसा." त्यानंतर आठवडाभर येणारी प्रत्येक बाई माझ्या डोळ्यांत बघून पुण्याचं काही दिसतंय का ते शोधायची.

मला त्यांना सांगायचं होतं की मी आत आहे तीच आहे. आतल्या आत मी त्यांना मालवणीत अशी काही बोलत होते की त्या पुन्हा पायरी चढल्या नसत्या. पण बाहेर येताना प्रत्येक वाक्य कुठूनसं इस्त्री होऊन यायचं.

नवऱ्यानं कुणकेश्वराला नवस केला होता, पण तो फेडायच्या आधी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गावाचे मानकरी असलेले गावकर देवापुढे उभे राहिले, आम्ही मागे. एरवी गाऱ्हाण्यात काही अवघड नसतं. गावकर देवाला सगळं सांगतात आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा!" गावकरांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या तुझ्या लेकराची वाचा गेलली आसा. ती तू जशी होती तशी हिका परत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी पण म्हणणार होते. लहानपणापासून हजार वेळा म्हटलेले दोन शब्द. सगळे थांबल्यावर, त्या शांततेत, माझा एकटीचा आवाज आला: "वरील विनंती शिफारशीसह पुढे पाठवण्यात येत आहे."

गावकर वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, देवाकडे बघितलं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या गाऱ्हाण्यात हे बसत नव्हतं. मग त्यांनी काय ठरवलं कोण जाणे, हात जोडून ते स्वतःच मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि नारळ फोडला. येताना वाटेत नवरा म्हणाला, "देवाक कळला आसतला. त्येच्याकडे पण कायतरी कचेरी आसतलीच." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो. मी अर्ध्या तोंडानं.

या सगळ्यात जाऊ माझ्याकडे आली नव्हती. इस्पितळात आली होती, पाय चेपून गेली होती. पण घरी आल्यापासून भिंतीपलीकडेच. मला वाटायचं ती घाबरली असेल. नंतर तिनं सांगितलं की तिला लाज वाटत होती, त्या दिवशी वेडावतेय म्हणाली त्याची.

अखेर कोंबड्यांनी तिला आणलं. तिच्या कोंबड्या माझ्या लाल माठाच्या वाफ्यात शिरल्या, माझ्या नवऱ्यानं एक खडा भिरकावला, आणि ती कमरेला पदर खोचून खळ्यात उभी राहिली.

"माझ्या कोंबडेक दगड कोणी मारल्यान गो?"

माझ्या अंगात असा जीव आला म्हणून सांगू! तीस वर्षांची सवय. मी खुर्चीतून उठले, भिंतीला धरून पुढे झाले, आणि छाती भरून म्हणाले:

"आपल्या मालकीच्या कोंबड्यांनी आमच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश केल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल."

जावेचा चेहरा पांढरा पडला. तिनं पदर सोडला, कोंबड्या गोळा केल्या आणि एक शब्द न बोलता आत गेली. तीस वर्षांत मी तिला एकदाही असं गप्प केलं नव्हतं. आणि मला रडू आलं, कारण तिनं गप्प बसायला नको होतं. तिनं उलटून बोलायला हवं होतं. एवढी एकच गोष्ट होती जी झटक्याआधी होती तशी मला परत हवी होती.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून. हातात वहीचं फाडलेलं पान. माझ्यापुढे धरलं आणि बाजूला उभी राहिली, लोक आमच्या कचेरीत उभे राहायचे तशी. सातवी झालेल्या माणसाचं नीट, गोल अक्षर:

'प्रति, थोरली जाऊ, अलीकडचा अर्धा घर. विषय: कोंबी. कोंबी माझी आसा ह्या खरा. पण भाजीक कुंपण तुया घातलंस नाय. कोंबडेक वाचूक येणा नाय, तेका हद्द कशी कळतली? दगड मारणाऱ्याचो पण खुलासो होयो. तुझी, जाऊ.'

मी इतकी हसले की नवरा माडाखालून धावत आला. त्याला वाटलं दुसरा झटका. मी पेन मागितलं. उजवा हात अजून धड नव्हता, म्हणून डाव्यानं, कोपऱ्यात, कोंबड्यांनी उकरल्यासारख्या अक्षरात लिहिलं: आवक क्रमांक १.

मग रोज पान यायला लागलं. दोरीवरच्या कपड्यांविषयी, सामाईक विहिरीच्या रहाटाविषयी, फणसाच्या त्या एका फांदीविषयी, जिच्यावर आमची निम्मी भांडणं झाली होती. मी नोंद करायची आणि तोंडी उत्तर द्यायची. वाचा-उपचार करणाऱ्या एक तरुण बाई आठवड्यातून एकदा मोबाइलवर दिसायच्या. त्या मला चित्रं दाखवून नावं विचारत. मी त्यांना पानं दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, हसू दाबलं आणि म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्या बाईंना बोलवा."

जाऊ कॅमेऱ्यापुढे डोक्यावर पदर घेऊन बसली. बाईंनी तिला सांगितलं की स्वतःहून बोलण्यापेक्षा ऐकलेलं मागून म्हणणं सोपं जातं. तुम्ही एकेक वाक्य मालवणीत म्हणा, यांना मागून म्हणू द्या. घाई करू नका, सुरुवात आठवली नाही तर पहिला शब्द तुम्ही द्या.

"खंयचा पण वाक्य?" जावेनं विचारलं.

"कोणतंही. रोजच्या बोलण्यातलं."

जावेनं माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर मला चांगली ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशीपासून ती पानं घेऊन येऊन बसायची आणि वाचायची, "फणसाची फांदी मी तोडलंय." मी मागून म्हणायची, "फणसाची... फांदी... मी तोडलंय." ती म्हणायची, "आणि जावेवर नाव घातलंय." मी म्हणायची, "आणि जावेवर नाव घातलंय." तीस वर्षांतले माझे सगळे गुन्हे तिनं ओळीनं लिहून काढले होते, आणि ते सगळे मी, अडखळत, रोज अर्धा तास, माझ्या आवशीच्या भाषेत कबूल करत होते. सासूच्या बाराव्याला वड्यांचं पीठ कमी कोणी भिजवलं. तिच्या माहेरच्या माणसांना जाड तांदूळ कोणी वाढला. काही मी केलेच नव्हते. 'हा आरोप निराधार आहे' असं मी म्हणायला गेले की ती बोट वर करायची. "कचेरीत बोललंस. परत म्हण."

नवरा खांबाला टेकून ऐकायचा. एकदा म्हणाला, "तो चोरीचो आंबो पण हिणाच खाल्लो काय?" जाऊ म्हणाली, "तो तुमी खाल्लास. पण म्हणाक काय हरकत?"

त्या महिन्यांत रांधायचं काम नवऱ्याकडे होतं. त्यानं आधी कधी चुलीकडे बघितलं नव्हतं. मी प्रत्येक जेवणानंतर म्हणायची, "भोजन उत्तम होते, आपली आभारी आहे." आणि 'आभारी आहे' म्हणाले की त्याची मान ताठ व्हायची. आमच्या घरात त्याला 'आपण' कोणी म्हटलेलं नव्हतं. तो म्हणायचा की त्याला मालवणीच हवी, देवाला रोज तेच मागतो. पण 'आपण' म्हटल्यावर त्याचं तोंड बघायला हवं होतं.

एका दुपारी त्यानं बांगड्याची आमटी केली. मी घास घेतला आणि काही विचार न करता म्हणाले, "आमटेत मीठ नाय."

हे वाक्य माझंच होतं. मागून म्हटलेलं नव्हतं. कोणी पहिला शब्द दिला नव्हता. त्याचे डोळे भरले. मग ते वाक्य त्याला पूर्ण समजलं आणि त्यानं वाटीत बोट घालून चाखून बघितलं. शेवटी उठून तसाच उष्ट्या हातानं खळ्यात गेला आणि भिंतीपलीकडे ओरडला, "गो, ती बोलली! आपणहून बोलली! आमटेत मीठ नाय म्हणाली!"

पलीकडून जाऊ ओरडली, "मीठ नायच आसतला!"

त्यानंतर मालवणी येत गेली. आली ती तक्रारीनं आली आणि बरेच दिवस तक्रारीच आल्या. कौतुक करायला अजून कचेरीच लागते. दमले, ताप आला, फार माणसं जमली की सगळं पुन्हा इस्त्री होऊन येतं. डॉक्टर म्हणतात, एवढं राहील. गोळी आता नवरा स्वतः देतो आणि गिळेपर्यंत हलत नाही. उजव्या हातानं लिहिते आहे, हे लिखाणही त्याच हातानं, हळू. हे सगळं कचेरीच्या भाषेच्या जवळपास लिहिलंय, ते कोणी मनावर घेऊ नये.

मागच्या महिन्यात त्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी एका जोडप्याला आमच्याकडे पाठवलं. धामापूरच्या बाजूची माणसं, भातशेतीवाली. बाई माझ्याच वयाची, तिलाही झटका येऊन गेलेला. नवरा बिचारा दमून गेला होता. पडवीत टेकला आणि म्हणाला, "हिका एकच शब्द उरलो आसा. 'चला.' सगळ्याक 'चला' म्हणता. घरात पावणो येवन बसलो की ही 'चला'. पावणो उठान जाता. आता कोण येणाच नाय."

"चला," बाई म्हणाली. मान खाली.

मी तिला आत माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. मी माझं सांगायला लागले, आंब्यापासून. तोंड वाकडं झालं म्हटल्यावर ती "चला!" म्हणाली आणि स्वतःचा उजवा गाल दाखवला. तिचंही त्याच बाजूला वाकडं झालं होतं. कांद्याचं सांगितलं तर ती "चला, चला" करत कपाळाला हात लावून हसायला लागली, म्हणजे तिलाही कोणीतरी कांदाच हुंगवला होता. शेजारणींचं सांगताना माझी मालवणी अडली आणि मी म्हणाले, "सदर बाब अद्याप प्रलंबित आहे." ती माझ्या गुडघ्यावर थाप मारून हळूच म्हणाली, "चला." तिला काय म्हणायचंय ते मला विचारावं लागलं नाही.

दोन्ही नवरे खळ्यात उभे राहून आत बघत होते. जाऊ चहा घेऊन आली आणि तिथेच बसून राहिली. "काय बोलतत त्यो?" त्या बाईच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला विचारलेलं मला ऐकू आलं. माझा नवरा म्हणाला, "माका काय ठावक? माझी तर कचेरीत गेलली आसा."

ऊन कलायला लागलं. त्यांची शेवटची बस होती. त्या बाईचा नवरा पायरीवरच्या तिच्या चपला घेऊन आत आला, त्या तिच्या पायांपुढे सरळ ठेवल्या आणि म्हणाला, "चला."

ती उठली नाही. तिनं एकदा चपलांकडे बघितलं, पायानं त्या खुर्चीखाली ढकलल्या आणि माझ्याकडे वळून मान हलवत, आता पुढचं सांग अशा आवाजात, म्हणाली, "चला."

जाऊ उठली आणि चहाचं दुसरं आधण ठेवायला गेली.